हिरवी पाटी आणि कामगाराचा पैसा : फोक्सवॅगनचा इतिहास आपण का वाचायचा?

काही दिवसांपूर्वी चाकणजवळच्या एका वस्तीत अभ्यासवर्ग होता. विषय होता बाबासाहेब आणि कामगार चळवळ. बोलून झाल्यावर प्रश्नोत्तरे सुरू झाली. आयटीआय करून एका कारखान्यात कंत्राटावर लागलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "दादा, आता गाड्या बॅटरीवर जाणार म्हणतात. इंजिन गेलं की इंजिनाचं काम गेलं. मग आपलं काय? आणि हे पर्यावरण-पर्यावरण म्हणतात ते खरं असतं का, का नुसती जाहिरात?"

त्या दिवशी वेळ कमी होता, थोडक्यात उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो एकट्याचा नाही. पुणे, चाकण, तळेगाव, वाळूज, नाशिक या पट्ट्यात आपली हजारो पोरे गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत राबतात. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आपल्याकडे या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, इलेक्ट्रिक गाडी आली की धूर जाईल, विकास होईल, सगळ्यांचे भले होईल. दुसरे म्हणते, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे खूळ आहे, आपल्याला त्याचे काय? माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे नुसते तत्त्वज्ञान सांगून पटणार नाही. त्यासाठी एक खरी कंपनी घेऊन तिचा इतिहास तपासला पाहिजे. मी फोक्सवॅगन निवडतो. तिचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणमध्ये आहे. तिचा इतिहास इतिहासकारांनी आणि न्यायालयांनी खोदून काढलेला आहे. आणि आज "शाश्वत विकास" आणि "इलेक्ट्रिक भविष्य" हे शब्द जगात सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या कंपन्यांत ती आहे.

पैसा कुणाचा होता?

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. २ मे १९३३ रोजी, म्हणजे कामगार दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, नाझींनी देशभरातल्या स्वतंत्र कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पुढाऱ्यांना अटक झाली. संघटनांच्या इमारती, बँकेतली शिल्लक, कामगारांनी पै-पै करून जमवलेला निधी जप्त झाला. ही सगळी मालमत्ता "जर्मन श्रम आघाडी" नावाच्या सरकारी संघटनेकडे गेली. नाव श्रमाचे, सत्ता मालकाची! संपाचा हक्क संपला, सामुदायिक वाटाघाटीचा हक्क संपला.

याच श्रम आघाडीने २८ मे १९३७ रोजी बर्लिनमध्ये एक कंपनी स्थापन केली. तीच पुढे फोक्सवॅगन झाली. "फोक्सवॅगन" म्हणजे लोकांची गाडी. कारखान्याच्या उभारणीत कामगार संघटनांकडून लुटलेली संपत्ती वापरली गेली. म्हणजे कामगाराची संघटना मोडायची, तिचा पैसा घ्यायचा आणि त्याच पैशातून "कामगारासाठी गाडी" बनवण्याची घोषणा करायची. गाडीचा आराखडा फर्डिनांड पोर्श या अभियंत्याचा.

गाडीची किंमत ९९० मार्क ठरली. एकदम पैसे कुठून आणणार? म्हणून बचत योजना काढली. दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट घ्यायचे, कार्डावर चिकटवायचे, कार्डे भरली की गाडी मिळेल. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी गाड्यांकडे वळला. या योजनेतून एकाही बचतदाराला गाडी मिळाली नाही. युद्धानंतर बचतदार न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे भांडले आणि १९६१ मध्ये तडजोड झाली. ती काय, तर नव्या गाडीच्या किमतीत सूट किंवा थोडी रोख रक्कम!

आपल्याकडे भिशी बुडवणारे, पतसंस्था बुडवणारे आपण पाहिले आहेत. इथे तर एका राज्यसत्तेने "लोकांच्या" नावाने लोकांचीच भिशी बुडवली.

त्याच वर्षी मनमाडला आणि मुंबईत

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन गावाजवळ हिटलरच्या हस्ते या कारखान्याची कोनशिला बसली. आता त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते ते पाहा.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. तिथे त्यांनी सांगितले की या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात एवढाच अर्थ नाही, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच का मरतो, त्याला पोर्टरसुद्धा का होता येत नाही, वर्कशॉपात तो मेकॅनिक का दिसत नाही, याची त्यांनी फोड केली. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे, म्हणून अस्पृश्य पोर्टर नको!

आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप केला. तो होता औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कारण ते विधेयक कामगाराच्या संपाच्या हक्कावर घाला घालत होते.

एकच वर्ष. जर्मनीत संपाचा हक्क मारून, कामगारांच्या पैशावर "लोकांच्या गाडीची" कोनशिला बसते. आणि मुंबईत एक माणूस लाखोंना सांगतो की संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे. आपण आपला इतिहास जगाच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचला पाहिजे तो यासाठी. बाबासाहेब एका जातीचे गाऱ्हाणे मांडत होते असे ज्यांना आजही वाटते, त्यांनी हे वर्ष पाहावे.

यंत्र नवे, गुलामी जुनी

युद्धात त्या कारखान्यात लष्करी मोटारी आणि व्ही-१ या उडत्या बॉम्बचे भाग बनत. काम कोण करत होते? युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना तिथे सक्तीने राबवले गेले. पोलंड, सोव्हिएत प्रदेश, फ्रान्स, इटली अशा देशांतून आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी, त्यांत ज्यूही होते. युद्धाच्या शेवटच्या काळात कारखान्यातले बहुसंख्य कामगार असे बळजबरीने आणलेलेच होते.

त्यातही वंशाची उतरंड होती. पश्चिम युरोपातला मजूर थोडा वर, पोलिश त्याच्या खाली, सोव्हिएत त्याच्याही खाली, छळछावणीतला कैदी सर्वांत तळाला. अन्न, निवारा, मार, सगळे या उतरंडीप्रमाणे. आपल्याला ही रचना ओळखीची वाटते, नाही का? बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, आणि तीही एकावर एक रचलेली. नाझींनी कारखान्यात तेच केले.

सक्तमजूर स्त्रियांना झालेली बाळे आईपासून तोडून कंपनीच्या बालगृहात ठेवली जात. र्‍यूएन गावातल्या त्या बालगृहात ३०० हून अधिक तान्ही बाळे हेळसांडीने आणि रोगाने मेली. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने कारखान्याच्या डॉक्टरला फाशी दिली.

त्या काळात तो कारखाना युरोपातल्या सर्वांत आधुनिक कारखान्यांत मोडत होता. यंत्रे नवी होती, पद्धत अमेरिकेतून शिकून आणलेली होती. तरी आत गुलामी होती. पहिला धडा इथे लिहून ठेवा : तंत्रज्ञान आधुनिक झाले म्हणून माणसांमधले संबंध आपोआप आधुनिक होत नाहीत.

कंपनीने हा इतिहास स्वतःहून सांगितला का? चाळीस वर्षे नाही. १९८६ मध्ये तिने हान्स मॉमसेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, मोठा ग्रंथ आला. १९९८ मध्ये, खटल्यांचा दबाव वाढल्यावर, पूर्वीच्या सक्तमजुरांसाठी निधी काढला. तोवर किती जण जिवंत उरले होते?

कामगारांनी आपला दावा सोडला नाही

आता या कथेचा दुसरा भाग, जो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

१९४५ नंतर कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. मेजर इव्हान हर्स्ट या अधिकाऱ्याने तो पुन्हा सुरू केला. गावाला वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले. १९४९ मध्ये ब्रिटिशांनी कारखाना जर्मनीकडे सोपवला. मग प्रश्न आला की मालक कोण? ज्या संघटनेने कंपनी काढली ती तर बरखास्त झालेली. कामगार संघटना पुढे आल्या आणि म्हणाल्या, पैसा आमचा होता, तो लुटून हा कारखाना बांधला, आमचाही हक्क आहे.

या वादाचा शेवट १९६० च्या फोक्सवॅगन कायद्यात झाला. कंपनी भागभांडवलात आली. कामगारांनी मालकीचा दावा सोडला, पण त्याबदल्यात संरक्षण घेतले. कुणा एका बड्या भागधारकाला कंपनी गिळता येऊ नये अशी तरतूद झाली. लोअर सॅक्सनी राज्याकडे मोठा हिस्सा राहिला. आणि नवा कारखाना काढायचा किंवा असलेला हलवायचा तर संचालनावर देखरेख करणाऱ्या मंडळात दोन तृतीयांश मते हवीत असे ठरले. १९७६ च्या जर्मन सहनिर्णय कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या अशा मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना मिळाल्या. म्हणजे वोल्फ्सबुर्गमध्ये कामगारांच्या संमतीवाचून कारखाना उचलून दुसरीकडे नेणे फार कठीण.

आता १९७६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानात अनुच्छेद ४३-क आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग राहील यासाठी राज्य पावले उचलेल, असे ते सांगते. जर्मनीत तो बंधनकारक कायदा झाला. आपल्याकडे ते मार्गदर्शक तत्त्व राहिले, आणि तिथेच राहिले. चाकणमधल्या किती कारखान्यांत संचालक मंडळावर कामगार बसतो? विचारून पाहा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात बळकट झाली. कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे यासाठी त्यांनी १९४३ मध्ये विधेयक मांडले. आठवड्याचे कामाचे तास ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्यांच्याच प्रयत्नांतली. त्यांना काय हवे होते हे यावरून कळते. कामगाराला पगार तर हवाच, पण निर्णयाच्या खोलीत खुर्चीही हवी.

घरी लोकशाही, बाहेर हुकूमशाही

मात्र जर्मन कामगाराला खुर्ची मिळाली म्हणून कंपनी सगळीकडे सुधारली असे समजू नका. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी हुकूमशाही होती. तिथल्या फोक्सवॅगनच्या सुरक्षा विभागाने राजवटीच्या पोलिसांना सहकार्य केले, हे कंपनीनेच नेमलेल्या इतिहासकाराच्या २०१७ च्या अहवालात आले. कामगार पुढाऱ्यांची माहिती पुरवली गेली, कारखान्याच्या आवारात अटक झाली. २०२० मध्ये कंपनीने भरपाईसाठी ३ कोटी ६० लाख रियाल देण्याची तडजोड केली.

त्याच काळात ॲमेझॉनच्या जंगलात, पारा राज्यात, कंपनीचे गुरांचे प्रचंड मोठे फार्म होते. गाडी बनवणारी कंपनी जंगल तोडून गुरे पाळत होती, कारण सरकार करसवलती देत होते. तिथे जंगल तोडायला ठेकेदारांमार्फत आणलेले मजूर कर्जात अडकवून, बंदुकीच्या धाकात राबवले जात. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलच्या कामगार न्यायालयाने याबद्दल कंपनीला १६ कोटी ५० लाख रियालची भरपाई द्यायला सांगितले. कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले.

"ठेकेदाराची माणसं, आमचा संबंध नाही." हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! गटारात माणूस मेला की हेच वाक्य. उसाच्या फडात हेच वाक्य. ते ॲमेझॉनमध्येही हेच होते.

"स्वच्छ डिझेल"ची फसवणूक

आता पर्यावरणाकडे येऊ.

२००८ च्या सुमारास फोक्सवॅगनने अमेरिकेत "स्वच्छ डिझेल" अशी जाहिरात करून गाड्या विकायला सुरुवात केली. डिझेल इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. ती दिसत नाहीत, पण श्वासनलिका जाळतात, दमा वाढवतात, आणि हवेत त्यांच्यापासून ओझोन आणि बारीक कण तयार होतात. अमेरिकेत त्यांची मर्यादा कडक होती.

कंपनीने गाडीच्या संगणकात एक गुप्त आज्ञावली घातली. गाडी प्रयोगशाळेत तपासणीच्या रुळांवर आहे की रस्त्यावर, हे ती ओळखायची. तपासणी चालू असली की धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण चालायची, गाडी रस्त्यावर आली की ती मंदावायची. परीक्षेला पास, बाहेर नापास.

पकडले कुणी? कुठल्या बलाढ्य सरकारी खात्याने नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने तपासणीची उपकरणे गाडीच्या मागे बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली. २०१४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. काही स्थितींत प्रदूषण मर्यादेच्या ४० पटीपर्यंत होते. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने कबूल केले. प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला.

आणि यातला सर्वांत मोठा विनोद ऐका. त्याच सप्टेंबर २०१५ मध्ये, घोटाळा उघड होण्याच्या काही दिवस आधी, डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात फोक्सवॅगनला मोटार उद्योगात पहिला क्रमांक दिलेला होता! ऑक्टोबरमध्ये तिला त्या यादीतून काढले. ज्या अहवालांवर, प्रमाणपत्रांवर "हिरवी कंपनी" ठरते त्यांची किंमत काय, हे यावरून समजा. कागदावरचा शुद्धपणा आणि प्रत्यक्षातली घाण यांचा अनुभव आपल्याइतका कुणाला असणार? आपल्या देशात अस्पृश्यताही कागदावर १९५० सालीच संपलेली आहे.

हवा कुणाची?

हे प्रकरण भारतातही आले. पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावरच्या तपासणीत तफावत दाखवली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. ७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने कायदा मोडल्याचे नाकारले आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. अमेरिकेत मात्र कंपनीने २०१६ मध्ये १४७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली आणि २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

फुप्फुस अमेरिकेतले असो की आपल्याकडचे, विष तेच. फरक कायद्याच्या आणि संघटित दबावाच्या ताकदीचा.

लवादाच्या तज्ज्ञ समितीने भरपाईचा हिशोब दिल्लीच्या हवेवरून मांडला होता. दिल्लीच्या रस्त्यावर ती हवा सर्वांत जास्त कोण घेतो? काच वर करून एसी लावून बसलेला, की रस्ता झाडणारी बाई? सिग्नलला फुले विकणारे पोर, हातगाडीवाला, पुलाखाली झोपणारा मजूर, हायवेलगतच्या झोपडपट्टीतले कुटुंब? आपल्या गावांतही तसेच. वस्ती गावकुसाबाहेर, आणि कचरा डेपो, नाला, कत्तलखाना, हायवे तिच्या शेजारी. गाडी ज्याची नाही, धूर त्याच्या वाट्याला.

म्हणून "पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे खूळ" हे म्हणणे मला मान्य नाही. ज्यांनी महाडला पाण्याच्या हक्कासाठी लढा दिला, त्यांच्या वारसांनी हवेचा हक्क दुसऱ्यावर सोडून द्यायचा का? चवदार तळे सार्वजनिक होते, तरी आपल्याला बंद होते. हवाही सार्वजनिक आहे. तिच्यात विष कोण घालतो, हे विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे.

इलेक्ट्रिक गाडीकडे वळण

घोटाळ्यानंतर फोक्सवॅगन इलेक्ट्रिककडे वळली. हे मन बदलल्यामुळे झाले, असे कंपनीच्या जाहिराती वाचून वाटेल. खरे तर विजेच्या गाड्यांचे प्रयोग ती १९७० च्या दशकापासून करत होती, पण ते कोपऱ्यात पडून होते. डिझेलमध्ये नफा होता तोवर वीज आठवली नाही. कायदा, दंड, युरोपीय संघाचे कडक नियम आणि चीनमधली स्पर्धा यांनी तिला ढकलले. अमेरिकेतल्या तडजोडीत तर तिला २०० कोटी डॉलर प्रदूषणरहित वाहनांसाठी, मुख्यतः चार्जिंग केंद्रांवर, खर्च करायला भाग पाडले गेले. म्हणजे त्या हिरव्या जाळ्याचा पाया शिक्षेच्या पैशात आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्स्विकाऊ शहरातल्या कारखान्यात नव्या इलेक्ट्रिक गाडीचे उत्पादन सुरू झाले. पूर्व जर्मनीच्या काळात या शहरात ट्राबांट ही गाडी बनत असे. तो अख्खा कारखाना इलेक्ट्रिकसाठी बदलण्यात आला, कामगारांना नवे प्रशिक्षण दिले गेले. २०५० पर्यंत कार्बनचा हिशोब शून्यावर आणण्याचे ध्येय जाहीर झाले.

हे सगळे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. विजेच्या गाडीतून रस्त्यावर धूर निघत नाही, आणि तिच्या पूर्ण आयुष्याचा हिशोब केला तरी ती साधारणपणे कमी कार्बन सोडते. वीज कोळशाची असेल तर फायदा कमी, पवन-सौर असेल तर जास्त. पण प्रश्न इथे संपत नाही. बॅटरीतला कोबाल्ट जगात सर्वांत जास्त काँगोमधून येतो. तिथल्या हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबतात, हे ॲम्नेस्टीच्या २०१६ च्या अहवालाने जगापुढे आणले. चीनमधल्या शिंजियांगमध्ये, जिथे उइगर मुस्लिमांवरच्या दडपशाहीचे आरोप आहेत, तिथे फोक्सवॅगनचा भागीदारीतला कारखाना २०१३ पासून होता. टीका होत राहिली, तो विकला गेला नोव्हेंबर २०२४ मध्ये. टेलपाइपचा धूर मोजायला उपकरण आहे, पण माणसाच्या अपमानाचे माप कंपनीच्या अहवालात कुठे असते?

आणि कामगार? २०२३ मध्ये मागणी घटली तेव्हा त्स्विकाऊमध्ये पहिला घाव मुदतीच्या करारावरच्या अडीचशेहून अधिक कामगारांवर पडला. २०२४ मध्ये व्यवस्थापनाने जर्मनीतले किमान तीन कारखाने बंद करण्याचा घाट घातल्याचे कामगार प्रतिनिधींनी उघड केले. डिसेंबरमध्ये जवळपास एक लाख कामगार इशारा-संपावर उतरले. २० डिसेंबर २०२४ रोजी करार झाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी होतील, पण सक्तीने कुणाला काढायचे नाही आणि कारखाने तातडीने बंद करायचे नाहीत. कामगारांनी पगारवाढ सोडली, ड्रेस्डेनच्या छोट्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबवणेही मान्य केले. हा विजय नाही, तडजोड आहे. पण १९३३ मध्ये ज्यांची संघटना मोडली होती त्यांचे वारसदार आज मालकाला टेबलावर बसवू शकतात, हा फरक लहान नाही.

खाते नवे, जात जुनी?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. मग आपले काय?

मुंबईच्या गिरण्या आठवा. त्या काळातले आधुनिक उद्योगच ते. तरी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. का? धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, तुटलेल्या सुताला थुंकी लागे. महाराचे तोंड लागलेले सूत सवर्ण कामगार हातात धरणार नाही! विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून बंदीही तिथेच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. वाफेचे इंजिन मँचेस्टरहून आले, पण खात्यांची वाटणी मनुस्मृतीतून आली.

उद्या बॅटरीचे खाते उघडेल तेव्हा काय होईल? स्वच्छ, वातानुकूलित दालनात, संगणकावर, कायम नोकरीत कोण असेल? आणि मुदत संपलेली बॅटरी फोडायला, तिच्यातले विषारी द्रव्य हाताळायला कोण असेल? आज शिशाच्या जुन्या बॅटऱ्या वस्त्यांमध्ये, उघड्या हातांनी फोडणारे कोण आहेत, भंगार वेचणाऱ्या बायका कोणत्या समाजाच्या आहेत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण हाताने मैला उचलण्याविरुद्धचे कायदेही चांगलेच आहेत, तरी माणसे गटारात मरतात.

थुंकीचे कारण आता कुणी सांगणार नाही. आता कारणे वेगळी असतील : "स्किल नाही", "इंग्रजी नाही", "रेफरन्स नाही". खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, कंत्राटदार आपल्या नात्यातली, आपल्या जातीची पोरे भरतो, आणि याला गुणवत्ता म्हणतात.

म्हणून मित्रांनो, कोणतीही कंपनी "हिरवी" म्हणून समोर आली की तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? श्रम कुणाचे? निर्णय कुणाचा? सरकार जेव्हा इलेक्ट्रिक उद्योगाला जमीन, करसवलत आणि अनुदान देते, तेव्हा तो पैसा आपलाही असतो. मग त्या कारखान्यात कायम नोकऱ्या किती, त्यांत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी किती, स्त्रिया किती, हे जाहीर करायची अट का नको? सरकारी मदत घेताना समाज आणि नोकरी देताना "खासगी", हे चालू देता कामा नये.

आणि करायचे काय, तेही सांगतो. आयटीआयमध्ये असाल तर विजेच्या गाडीचे, बॅटरीचे, इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम मागा. नसतील तर प्राचार्यांना निवेदन द्या, पाठपुरावा करा. कारखान्यात असाल तर संघटनेत जा, आणि संघटनेत कंत्राटी कामगारांचा आणि जातीचा प्रश्न मांडायला लाजू नका. बाबासाहेबांनीही तो संपाच्या ऐन धामधुमीत मांडला होता. शिकलेले असाल तर माहितीचा अधिकार वापरा : आपल्या वस्तीजवळच्या हवेची मोजणी कुठे होते, अनुदान कुणाला किती मिळाले, हे काढा. वेस्ट व्हर्जिनियातल्या मूठभर अभ्यासकांनी एका बलाढ्य कंपनीचे खोटे एका उपकरणाने उघडे पाडले. "शिका" या शब्दाचा अर्थ हाही आहे.

त्या तरुणाला माझे उत्तर एवढेच. इंजिन जाईल, बॅटरी येईल, त्याला आपण रोखू शकत नाही आणि रोखायचेही कारण नाही. स्वच्छ हवा आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवी आहे. पण बॅटरीच्या दालनाच्या दारावर आपण संघटित होऊन उभे राहिलो नाही, तर आत दुसरेच जातील आणि मागच्या दाराने भंगार तेवढे आपल्या वस्तीत येईल.

जय भीम! जय संविधान!